विहीर तुमची, उशीर माझा

दाजी,

गुरुवारी साताऱ्याच्या कबरस्तानात तुम्हाला ठेवून आम्ही घरी आलो. माती लोटून झाल्यावर नव्या पास्टरांनी विचारलं, "घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलणार का?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अक्कानंही पाहिलं. मी पुढं झालो, घसा साफ केला, आणि परत मागं सरलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही. "सुधाकरचा दाजींवर फार जीव," असं मागून कुणी बाई हळू आवाजात म्हणाली. ते ऐकून मला तिथून निघून जावंसं वाटलं.

जीव होता, ते खोटं नाही. पण तोंड मिटलं ते दुःखानं नव्हे. जे काही बोललो असतो त्यातून एक गोष्ट मला गाळावी लागली असती, आणि ती गाळून तुमच्याविषयी चांगलं बोलणं म्हणजे तुमच्या कबरीवर उभं राहून खोटं बोलणं. म्हणून घरी येऊन लिहायला बसलोय. तुम्ही हे वाचणार नाही, एवढं कळतं मला. पण तुमच्याशी बोलायची सवय काही अजून मोडलेली नाही. भांडायची तर नाहीच नाही.

वडील आधीच गेलेले; आई गेली तेव्हा अक्काचं नुकतंच लग्न झालेलं. बायकोबरोबर तिचा धाकटा भाऊही पदरात पडला, आणि तुम्ही कधी चेहऱ्यावर दाखवलं नाहीत. रहिमतपूरजवळच्या त्या मिशनच्या आवारात, कौलारू घराच्या पडवीत माझी वळकटी आली आणि तीच माझी जागा झाली. तुम्ही तिथल्या लहानशा मंडळीचे पाळक. दर रविवारी उपासनेच्या आधी तुम्ही देवळाच्या पायरीशी उकिडवे बसायचात आणि आलेल्या लोकांच्या चपला उचलून भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवायचात. म्हाताऱ्या बायका प्रार्थना करून बाहेर आल्या की त्यांचे पाय भाजू नयेत म्हणून. मग हात धुऊन, झगा चढवून आत. मला त्याची इतकी लाज वाटायची! शाळेतली पोरं म्हणायची, "तुझे दाजी पादरी हायत का चपला राखायला हायत रं?" मी एकदा चिडून तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसलात. "दोन्ही म्हण की त्यांना. दोन्ही खरंच आहे."

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. पुढं तुम्हीच मला सांगलीला लेथवर लोखंड कातायचं काम शिकायला धाडलंत. मी शिकलो, मग कुपवाडला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ टाकला, चार माणसं हाताखाली आली. सुट्टीला आलो की पडवीत बसून आपला वाद ठरलेला. मी म्हणायचो, तुम्ही ज्याला नम्रता म्हणता तो भित्रेपणा आहे. कमिटीतला कुणीही उठतो, तुम्हाला बोलतो, तुम्ही मान खाली घालता. तुम्ही म्हणायचात, "मी वाकतो म्हणून माझी पाठ दुखत नाही, सुधाकर. तू ताठ राहतोस, मान तुझी दुखते." अक्का आतून ओरडायची, "दोघंही जेवायला उठा आता." गंमत होती ती तेव्हा. दुष्काळाच्या साली गंमत राहिली नाही.

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. माळावरची कुसळंसुद्धा जळाली. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढत होती. गावातल्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. मिशनच्या आवारातली विहीर तेवढी खोल, तिला पाणी होतं. मंडळीतली घरं त्या पाण्यावर होती. आणि तुम्ही एका सकाळी फाटकाचं कुलूप काढलंत आणि गावाला सांगितलंत, या, भरून न्या. कुठल्या वाड्याचा, कुठल्या जातीचा, कुणाला विचारलं नाहीत. आमच्या मंडळीला तरी कुठं विचारलंत?

मी त्या आठवड्यात आलेलो होतो. फाटकापासून पार रस्त्यापर्यंत घागरींची रांग पाहिली आणि दोर सोडून पाण्याची खोली मोजली. तुम्हाला म्हणालो, "दाजी, या हिशेबानं उन्हाळा निघत नाही. ठरावीक वेळ ठेवा, घरटी दोन घागरी द्या. नाहीतर सगळेच तहानेले राहतील."

"रांगेत उभ्या बाईला दुसऱ्या घागरीनंतर जा म्हणायचं?"

"म्हणायचं. म्हणावंच लागतं."

"मला नाही जमायचं रे. प्रभूनं विहीर दिली, तो पाणीही देईल. भरवसा ठेव."

मी म्हणालो, "भरवसा ठेवून झरे फुटत नाहीत." तुम्ही दोर गुंडाळून माझ्या हातात दिलात, एवढंच.

होळीच्या आसपास विहीर आटली. तळाला चिखल आणि एक फुटकी बादली. गाव तर तहानेलं होतंच, आता मंडळीतली घरंही रिकाम्या घागरी घेऊन वणवण करायला लागली. कमिटीनं तुम्हाला बोलावून घेतलं. ज्या म्हाताऱ्यांच्या चपला तुम्ही सावलीत ठेवायचात त्यांनीच तुमची बदली व्हावी असा ठराव केला. अक्कानं निरोप धाडला तसा मी रविवारी आलो. खरं सांगू? तुमच्या बाजूनं उभं राहायला नव्हतो आलो. माझं बरोबर ठरलं होतं, ते बघायला आलो होतो.

त्या रविवारी तुम्ही उपदेश केला नाहीत. खाली उतरून बाकांच्या पुढं उभे राहिलात आणि म्हणालात, "विहीर उघडली याचा मला पस्तावा नाही. पण तुम्हाला न विचारता उघडली. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाल असं मी धरून चाललो. देवावर भरवसा ठेवा म्हणून तुम्हाला सांगत आलो, आणि तुमच्यावर मीच ठेवला नाही. हा माझा गर्व होता. मला क्षमा करा." आणि तुम्ही त्या सगळ्यांपुढं गुडघ्यांवर आलात. पेटी वाजवणारा पेटीवर बोटं ठेवून तसाच बसून राहिला. कुणी रडलं नाही, कुणी उठूनही आलं नाही. पुढल्या बाकावरच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "उठा आता, गुडघं दुखतील."

पडवीत आल्यावर मी ते बोललो. इतक्या वर्षांत ते शब्द मी कुणाला सांगितले नाहीत, पण तुमच्या कानावर ते पडलेले आहेत. मी म्हणालो, "तुमचा विश्वास म्हणजे दुसऱ्याच्या घागरीतून केलेला धर्म आहे. पाणी त्यांचं, पुण्य तुमचं. आणि वर गुडघे टेकून मोठेपणाही तुमचाच."

अक्का दारात होती. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

तुम्ही मग म्हणालात, "विहिरीचं तुझं बरोबर होतं, सुधाकर. मोजून द्यायला हवं होतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरोबर नाही. पण तुला राग आलाय, ते मला समजतं."

"मला राग नाही आला," असं ओरडून मी पिशवी उचलली आणि न जेवता एस.टी.च्या थांब्यावर गेलो. मला काय हवं होतं कोण जाणे. तुम्ही अख्ख्या मंडळीची क्षमा मागितली होती, पण माझी वेगळी मागायला हवी होती, असंच काहीतरी असणार. लहानपणापासून तुमच्यापुढं जिंकायचं राहून गेलेलं. आता जिंकलो, तर जिंकल्यासारखं वाटेना.

पुढचं मला नंतर कळलं. तुम्ही कुठूनसा एक हातगाडा आणलात, त्यावर दोन पिंपं बांधलीत आणि ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झऱ्यावरून मंडळीतल्या घरांना पाणी ओढायला लागलात. वाटेत चढ. तुम्हाला दमा. ज्यांनी ठरावावर अंगठे उठवले त्यांच्या दारात आधी. तरणे लोक खडीच्या कामावर गेलेले असायचे. म्हातारे आणि तान्ही मुलं असलेल्या बाया तेवढ्या घरात. कुणी मदतीला हात लावला तर घ्यायचात, कुणी नाही लावला तर मागायचा नाहीत.

त्याच सुमारास हवालदार तात्या तुमच्याकडं आले. फौजेतून आलेला माणूस, मिशीला पीळ, गावाच्या शिवेवर त्यांचा मळा. त्यांच्या विहिरीला खोलवर पाणी होतं, पण पंपाचा शाफ्ट, आतला फिरता दांडा, मोडला होता, आणि इतक्या खोलीवरून मोटेनं पाणी यायचं नाही. साताऱ्यातल्या मिस्त्र्यांकडं दुष्काळामुळं पंपांची ही रांग. हवालदार तुम्हाला म्हणाले होते, "तुमची हीर हुती तवा माझ्या बायकू-पोरांनी तुमचं पानी प्यालं. माझा पंप चालू झाला की तुमच्या लोकांला माझ्या हिरीवर कवाबी येऊ द्या. पर ह्यो शाफ्ट कोन करून देतो का बगा." आणि तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "माझा मेव्हणा आहे ना कुपवाडला!"

हवालदार तो मोडका शाफ्ट पोत्यात गुंडाळून, एस.टी.नं सांगलीला आणि तिथून चालत माझ्या शेडवर आले. रामराम झाला. "पादरीसायबांनी धाडलंय. लय आडलंय वो. आख्खं गाव तुमच्याकडं डोळं लावून बसलंय."

मी शाफ्ट हातात घेतला. बघताच कळलं, काम अवघड नाही. तसाच गज माझ्याकडं पडून होता. मी म्हणालो, "दाजी स्वतः नाही आले?"

"त्येस्नी कुटं येळ? गाडा वडत्यात."

"बरं. ठेवा इथं. कामाचा रेटा आहे, बघतो."

कामाचा रेटा होता, नव्हता असं नाही. पण रेटा असला तरी मधे अर्धा दिवस काढता येतो, हे लेथवर काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मी शाफ्ट बाकाखाली सरकवला. रोज येता-जाता ते पोतं दिसायचं. मनात म्हणायचो, येऊ देत की एकदा. माझ्या दारात उभे राहून म्हणू देत, सुधाकर, मला तुझी गरज आहे. जगापुढं वाकतात, माझ्यापुढं का नको? मी सांगलीच्या चर्चमध्ये नेमानं जात होतो दाजी, त्या दिवसांतही. प्रार्थनेत डोळे मिटत होतो. तुम्हाला वाटेल, माझं मन खात असेल. नाही. मन अगदी शांत होतं. स्वतःला न्यायाच्या बाजूचा समजणारा माणूस फार शांत झोपतो.

हवालदार पुन्हा आले. चेहरा उतरलेला. शाफ्ट बाकाखालीच पाहिला त्यांनी. फौजी माणूस, आवाज चढवला नाही.

"दुसरीकडं बगू का मग?"

"बघा की. मी कुठं धरून ठेवलंय?"

"मी म्हनलं तसं सायबांना. कराडात एक मिस्त्री हाय, त्येच्याकडं न्येतो. तर म्हनत्यात, न्हाई, सुधाकर करील. त्येच्या हाताचं काम टिकतं. थांबू." हवालदारांनी पटका काढून तोंड पुसलं. "म्हनून थांबलोय आमी."

हे ऐकूनसुद्धा मी शाफ्ट बाहेर काढला नाही. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला होता म्हणून सगळं गाव थांबलं होतं, आणि मला त्याचाही राग आला. माझ्या खांद्यावर हे ओझं ठेवायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी? हवालदार रिकाम्या हातानं गेले. जाताना माझ्या पाण्याच्या माठाकडं बघितलं त्यांनी, पण पाणी मागितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग अक्का आली.

तुम्हाला ती मिरजेला डोळे दाखवायला जाते म्हणून सांगून निघाली होती. हे तुम्हाला आता पहिल्यांदाच कळतंय. सकाळी लेथ चालू असताना ती दारात दिसली, डोक्यावर पदर, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. मी यंत्र बंद केलं. ती स्टुलावर बसली. चहा नको म्हणाली.

"बोलायला नाही आले. शाफ्ट न्यायला आले. झाला नसला तर मोडकाच दे."

"अगं, करणारच होतो. एवढं काय..."

"हे रात्री बसून असतात. आडवं झालं की दम लागतो," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं. "आणि पहाट झाली की गाडा. चढाला मधेच थांबतात, दांडीवर डोकं टेकतात, लोकांना वाटतं पास्टरसाहेब प्रार्थना करतायत. तुझ्या दाजींना श्वास मिळत नसतो रं. मी लांबून बघते. जवळ गेले तर म्हणतात, झालं झालं, चल."

मी पोतं ओढून काढलं. ती तिथंच बसली होती, आणि मी गज लेथवर चढवला. माझ्या हाताखालच्या माणसांनी आपापली कामं थांबवली. दुपार कलायच्या आत शाफ्ट तयार झाला. दाजी, अर्ध्या दिवसाचं काम! हवालदारांनी पहिल्या खेपेला चहा घेऊन, जेवून, थोडी झोप काढली असती तर हातात घेऊनच परत गेले असते.

एस.टी.त अक्का माझ्याशेजारी बसली. शाफ्ट माझ्या मांडीवर. रहिमतपूर यायला लागलं तसं ती म्हणाली, "मी आले होते हे त्यांना सांगू नको."

"का?"

"तू येशील म्हणून वाट बघितलीय त्यांनी. त्यांना तसंच वाटू दे."

ती आधीच्या फाट्यावर उतरली, मिरजेहून वेगळी आल्यासारखी यायला. मी एकटा आवारात शिरलो. तुम्ही पडवीत टेकून बसला होतात. इतके वाळला होतात की मला पहिल्यांदा ओळखूच आला नाहीत. मला बघून उठायला गेलात आणि खोकल्यानं परत बसलात, पण हसत होतात. "आलास?" म्हणालात. "मी म्हणतच होतो."

दुसऱ्या दिवशी हवालदारांच्या मळ्यावर पंप बसवला. पाटात पाणी आलं तेव्हा आख्खं गाव आणि आपली मंडळी, दोन्ही तिथं होती. बायांनी घागरी खाली ठेवून आधी तोंडावर पाणी मारलं. पुढल्या बाकावरच्या त्या आजी पाटात पाय सोडून बसल्या आणि उठेनात. आणि तुम्ही, दाजी, बांधावर उभे राहून माझा खांदा धरलात आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगितलंत, "या माझ्या मेव्हण्याचे आभार माना. हातातलं काम टाकून आलाय. मी विहीर आटवली, यानं पाणी दिलं."

लोकांनी हात जोडले. मीही जोडले. त्या गर्दीत हवालदार तात्या माझ्याकडं बघत उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी फक्त माझ्या नजरेला नजर दिली आणि मग पाटाचं दारं मोडून पाणी वळवायला गेले. नंतर मी एकटा सापडलो तेव्हा म्हणाले, "पानी आलं. बास झालं. मी काय कुनाला सांगनार न्हाई, सायबाला तर न्हाईच. त्येंचा इस्वास हाय तुमच्यावर. त्यो मोडायचं पाप कशाला करू?"

मला वाटलं होतं, ही गोष्ट तिथं संपेल. पण तुम्ही ती संपू दिली नाहीत. कमिटीनं बदलीचा ठराव गुंडाळून ठेवला, पुढं तुम्ही निवृत्त होऊन साताऱ्याला दोन खोल्यांत राहायला आलात, आणि घरी कुणीही आलं की तुम्ही माझी ओळख तशी करून द्यायचात. "दुष्काळात गावाला पाणी दिलं ते यानं." नव्या पास्टरांना सांगितलंत. माझ्या बायकोच्या माहेरच्यांना सांगितलंत. सांगलीच्या चर्चमध्ये मला पंच केलं तेव्हा तुम्ही तिथं येऊन, मला न विचारता, तेच सांगितलंत, आणि लोक म्हणाले, किती साधा माणूस, स्वतः कधी बोलला नाही. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी नम्रता ठरवलं. अजून ठरवतात. मी तुमच्याकडं येणं कमी केलं ते यामुळं. कामाची सबब सांगायचो. तुम्ही म्हणायचात, "काम आहे ते बरंच आहे," आणि अक्काकडून माझ्यासाठी लसणीची चटणी बांधून धाडायचात.

शेवटी दवाखान्यात आलो तेव्हा तुम्ही तीन उशांना टेकून बसला होतात. बोलताना मधे मधे थांबत होतात. अक्का औषध आणायला खाली गेली होती. मी ठरवून आलो होतो. म्हणालो, "दाजी, त्या शाफ्टचं एक सांगायचंय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "जेवलास का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवून ये. खाली चांगलं मिळतं."

मी जेवायला गेलो. परत आलो तर तुम्हाला डोळा लागला होता. उठवलं नाही. मनाशी म्हणालो, पुढच्या रविवारी. दाजी, इथंही मी पोतं बाकाखालीच सरकवलं. मंगळवारी निरोप आला.

काल सगळे पाहुणे गेल्यावर अक्का आणि मी दोघंच होतो. ती तांदूळ निवडत होती. मी तिला म्हणालो की मी त्यांना सांगायला हवं होतं. मी मुद्दाम उशीर केला, तू न्यायला आलीस म्हणून आलो, हे सांगायला हवं होतं.

तिचे हात थांबले नाहीत. "मुद्दाम केलास ते त्यांना ठाऊक होतं."

"हवालदारांनी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? तुला लहानाचा मोठा केलाय त्यांनी. पोतं बाकाखाली पडलं असणार, म्हणायचे. त्याचा राग उतरू दे." मग सुपातला एक खडा तिनं बाजूला टाकला. "मी एकदा विचारलं होतं. तुम्हाला कळत होतं तर त्याच्या दारात जाऊन का नाही बोललात? तर म्हणाले, मी गेलो असतो तर त्याला यावंच लागलं असतं. तसा नको होता मला. तो आपणहून आला की नाही बघ."

एवढं सांगून ती रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "आपणहून आला, आपणहून आला, असं किती आनंदानं म्हणायचे रं. मला सांगवलं नाही. चार वर्षं झोपताना रोज वाटायचं, उद्या सांगीन. खोटं मी ठेवलं, तू नाहीस."

आम्ही दोघं बहीण-भाऊ तिथं बसून राहिलो, सूप मधे ठेवून. तिचं ओझं मी घ्यायला हवं होतं आणि माझं तिनं, आणि दोघांनाही कुणाचं काही घेता येईना.

आता माझं ऐका, दाजी, कारण भांडण अर्धंच राहिलंय. तुमचं हे मला पटलेलं नाही. माझा राग उतरेपर्यंत तुम्ही थांबलात, ठीक. पण तुमच्याबरोबर ती म्हातारी माणसं थांबली, ती तान्ही पोरं थांबली. विहिरीच्या वेळी मंडळीला विचारलं नाही म्हणून तुम्ही क्षमा मागितलीत, मग माझ्यासाठी गावाला थांबवताना कुणाला विचारलंत? कराडच्या मिस्त्रीकडं शाफ्ट जाऊ द्यायचा होतात. मला वाऱ्यावर सोडायचं होतात. एका माणसाचं मन वळेल म्हणून आपले श्वास असे चढावर सांडायचे नसतात. डॉक्टर म्हणतात, दमा जुना होता, गाड्याचा तेवढा संबंध लावता येणार नाही. मला लावता येतो. रोज लावतो.

आणि हे सगळं बोलून झाल्यावर उरतं ते असं, की माझ्यावर एवढा भरवसा कुणीच ठेवला नाही. आई-वडिलांनी ठेवायच्या आधी ते गेले. मी स्वतः तर ठेवलाच नाही. मंडळीसमोर मी देवावरच्या विश्वासाबद्दल बोलतो, तेव्हा मला तो कसा असतो हे ठाऊक आहे असं लोकांना वाटतं. मला ठाऊक आहे ते एवढंच, की तो ज्याच्यावर ठेवला जातो त्याला कसं वाटतं. जड वाटतं. लाज वाटते. पळून जावंसं वाटतं, आणि पळून कुठं जाणार ते कळत नाही.

काल निघताना अक्का दारापर्यंत आली. म्हणाली, "माझ्याच्यानं नाही झालं. तूच सांग आता त्यांना."

म्हणून सांगतो. मी आपणहून आलो नव्हतो, दाजी. अक्का मला न्यायला आली होती. ती मिरजेला गेली नव्हती, तिचे डोळे चांगले होते, आणि तिनं ते तुमच्या आनंदासाठी लपवलं. तिला काही म्हणू नका. तुम्ही पडवीत बसून ज्याची वाट बघत होतात तो माणूस त्या दिवशी आलाच नव्हता. त्याला अजून यायचं आहे.

तुमचा,
सुधाकर